बेचाळीस दिवसांनंतर

"पिक्चर मराठीत हाय का मॅडम?" प्रोजेक्टरच्या वायरीचा गुंता सोडवता सोडवता गटप्रवर्तक ताईंनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मग बायका झोपत्याल," त्या म्हणाल्या आणि खिडक्यांना सतरंज्या लावायला गेल्या, कारण सभागृहाला पडदे नव्हते.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडचा डोंगराळ तालुका, डिसेंबरची सकाळ, 38 आशाताई. काही जणी पहाटेच्या पहिल्या एसटीनं आल्या होत्या. दोघी-तिघी अर्धा डोंगर उतरून, मग वडापनं. मी मनोविकार सामाजिक कार्यकर्ती आहे. ओपीडीत डॉक्टर औषध लिहून देतात, त्यानंतरचं बरंचसं माझ्याकडे येतं. मनातल्या मनात खचलेले घरचे लोक, मोडायला आलेलं लग्न, देवर्षाकडे घातलेले पैसे, बरं वाटलं म्हणून मधेच सोडून दिलेल्या गोळ्या. आशांचं मानसिक आरोग्याचं एक दिवसाचं प्रशिक्षणही वर्षातून पाच-सहा वेळा माझ्याकडेच असतं. नैराश्य कसं ओळखायचं, भास आणि भ्रम यांत फरक काय, आत्महत्येबद्दल कसं विचारायचं, 14416 हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर कुणाला द्यायचा, हे सगळं सकाळच्या दोन तासांत सांगून होतं. त्यानंतर गेली काही वर्षं मी त्यांना एक सिनेमा दाखवते.

सिनेमाचं नाव 'लार्स अँड द रिअल गर्ल'. 2007चा, अमेरिकेतला. क्रेग गिलेस्पी दिग्दर्शक, कथा-पटकथा नॅन्सी ऑलिव्हर यांची, आणि त्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. लार्सचं काम रायन गॉसलिंगनं केलंय. विस्कॉन्सिनमधलं बर्फात बुडालेलं एक छोटं गाव. थोरला भाऊ गस आणि वहिनी कॅरिन वडिलोपार्जित घरात राहतात, आणि लार्स त्याच आवारातल्या गॅरेजमध्ये एकटा. ऑफिसला जातो, चर्चला जातो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुणी अंगाला हात लावला की त्याला दुखतं, म्हणून एकावर एक कपडे घालतो. वहिनी जेवायला बोलावते, तो सबब सांगतो. आणि एक दिवस हाच लार्स दार वाजवून सांगतो की माझ्याकडे पाहुणी आलीय, इंटरनेटवर ओळख झाली. भाऊ-वहिनीला आनंदानं काय करू आणि काय नको होतं. पाहुणी आत येते. ती माणसाच्या मापाची बाहुली असते.

सिनेमा 106 मिनिटांचा आहे, पण मला अडीच तास लागतात. संवाद इंग्रजी असल्यामुळे मी माइक घेऊन पडद्याच्या कडेला उभी राहते आणि बरोबरीनं मराठीत सांगत जाते. श्रावणात देवळात पोथी लावतात, एक जण ओवी वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो, तसं. महत्त्वाचं काही असलं की थांबवते.

ती बाहुली कशासाठी विकतात हे मी आडवळणानं सांगत नाही. या बायका कंडोम वाटतात, कॉपर-टीची माहिती देतात, त्यांच्यासमोर लाजून काय उपयोग? "पुरुषांच्या लैंगिक वापरासाठी अशा बाहुल्या मिळतात," मी सांगितलं, "पण हा तिला तसा हातसुद्धा लावत नाही. लग्न झालेलं नाही, म्हणून तिची झोपायची सोय दादा-वहिनीच्या घरात करा म्हणतो. तिचं नाव बियांका. ती चालू शकत नाही, व्हीलचेअर लागते, तिचं सामान चोरीला गेलंय, तर वहिनी, तुझे कपडे देशील का तिला?"

हसू फुटलं. दरवेळी फुटतं. मी त्याला अडवत नाही, कारण गावात अशा माणसाला पहिल्यांदा हसूच भेटतं आणि ते कुठवर जातं हे त्यांचं त्यांना कळू द्यावं लागतं. जेवणाच्या टेबलापाशी गस आणि कॅरिनचे चेहरे दिसले तसं ते हसू विरत गेलं. ज्यांच्या घरात असं काही घडतं त्यांचे चेहरे असेच असतात. मी ओपीडीच्या बाकावर रोज पाहते.

मग घरची मंडळी लार्सला डॉक्टरांकडे नेतात, तेही बियांकाला तपासायच्या निमित्तानं. या डॉक्टर डॅग्मार गावाच्या फॅमिली डॉक्टर आणि मानसोपचारही त्याच बघतात. त्या बियांकाचं ब्लडप्रेशर मोजतात. कमी आहे, दर आठवड्याला आणावं लागेल, म्हणतात. बियांकाच्या नावानं लार्स दर आठवड्याला त्यांच्यासमोर येऊन बसू लागतो. घरच्यांना त्या सांगतात, वाद घालू नका, तिला घरात घ्या. गस विचारतो, हे संपणार कधी? त्याला तिची गरज उरली नाही की, असं उत्तर येतं.

इथे मी सिनेमा थांबवते आणि एक गोष्ट बजावून सांगते. ही कथा आहे. लार्सला अख्ख्या सिनेमात एक गोळी लागत नाही, आपल्या पेशंटला बहुतेक वेळा लागते. भ्रमात असलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही हे बरोबर, पण त्याच्या भ्रमाला खतपाणीही घालायचं नाही. 'तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय' असं म्हणायचं, 'हो हो, ते लोक खरंच तुझ्या मागे आहेत' असं म्हणायचं नाही. हा सिनेमा मी उपचार शिकवायला दाखवत नाही, गाव कसं वागू शकतं हे दाखवायला लावते. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

गाव पुढे तसंच वागतं. चर्चमध्ये बैठक बसते, काही जण कुरकुरतात. तेव्हा एक म्हातारी सगळ्यांना आपापल्या घराकडे बघायला सांगते. तुझा नातलग मांजरांना फ्रॉक घालतो, तुझ्या भाच्यानं उडत्या तबकड्यांच्या क्लबला सगळे पैसे देऊन टाकले, आणि तुझी पहिली बायको चोऱ्या करायची हे कुणाला ठाऊक नाही? मग बियांका चर्चमध्ये येते. पार्लरमध्ये तिचे केस कापतात, कपड्यांच्या दुकानाच्या काचेत तिला काम मिळतं, ती दवाखान्यातल्या मुलांना भेटायला जाते, आणि शेवटी शाळेच्या मंडळावर निवडूनही येते.

पहिल्या ओळीतल्या एक वयस्कर ताई, सगळ्या त्यांना काकी म्हणतात, पदर खांद्यावरून सारखा करत म्हणाल्या, "यात काय येगळं हाय? आपल्या गवरी काय असत्यात मग?"

मी माइक खाली घेतला.

"मुखवटा असतोय, आत मडकं न्हाईतर डबा. साडी आपण नेसवतो. पावलं काढत घरात आणतो, आलीस का म्हणतो, सोन्याच्या पावलांनी आली म्हणतो. पयल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणाची पोळी. तिसऱ्या दिवशी जायला निघाली की माझ्या सासूच्या डोळ्यांत पाणी येतंय. ती मडकं हाय हे सासूला ठावं न्हाई व्हय?"

सगळ्या हसल्या, पण मघासारखं नाही. मला वाटलं, ज्यासाठी मी वीस-वीस मिनिटं बोलते ते काकींनी एका दमात सांगून टाकलं. आपण माहेरवाशीण मानतो म्हणून ती माहेरवाशीण होते, आणि मानणारी माणसं त्या तीन दिवसांत एकमेकांच्या जवळ येतात. विस्कॉन्सिनच्या त्या बायकांनी बियांकाचं तेच केलं.

सिनेमा पुढे सुरू झाला. मला सगळ्यात जवळचा वाटणारा प्रसंग आला. लार्स रुसतो. बियांकाला सगळे बाहेर नेतात, तिला माझ्यासाठी वेळ नाही, कुणाला माझी पर्वाच नाही, असं म्हणतो. तेव्हा इतके दिवस गप्प असलेली कॅरिन फुटते. तिला एवढी कामं, एवढ्या जागा कुणासाठी आहेत? तुझ्यासाठी. सगळं गाव तुझ्यावर जीव टाकतं म्हणून. आम्ही तिची खुर्ची ढकलतो, कामाला नेतो, घरी आणतो, अंघोळ घालतो, कपडे घालतो, उचलून निजवतो. आणि ती काही नाजूक-साजूक नाही, चांगली भरभक्कम बाई आहे! यातलं काहीच सोपं नाही, तरी आम्ही करतो, तुझ्यासाठी करतो.

माझा आवाज कॅरिनबरोबर चढला होता. सभागृहात एकदम टाळ्या पडल्या. दुसऱ्या बाईचं वजन उचलणं म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. गरोदर बाईला रात्री दोन वाजता गाडीत घालून नेणाऱ्या, नंतर दवाखान्याच्या पायरीवर बसून उजाडायची वाट बघणाऱ्या बायका होत्या त्या. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा सन्मान केला तेव्हा त्याची बातमी मी पेपरात वाचली होती. त्या टाळ्यांमध्ये मला ती जास्त नीट कळली.

आणि टाळ्या थांबायच्या आत लाइट गेली.

महावितरणला फोन लावला, डीपीवर काम चाललंय, तासभर लागेल. सतरंज्या काढल्या, उजेड आत आला. चहा लवकर मागवला. मला वाटलं आजचा दिवस हातचा गेला.

मागच्या ओळीत खांबाला टेकून एक ताई बसल्या होत्या. सकाळपासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. लांबच्या वाडीवरच्या, तिशी-पस्तिशीच्या, निळ्या काठाची साडी. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी विचारलं,

"मॅडम, त्याची वहिनी कितव्या महिन्यात हाय?"

मी हा सिनेमा तोवर सात-आठ वेळा पाहिला असेल. कॅरिन गरोदर आहे हे मला माहीत होतंच. कितवा महिना, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

"पोटावरून सहावा-सातवा वाटतोय," दुसरी म्हणाली.

"सुरुवातीला दिसत नव्हतं. तवा नुकतंच राहिलं आसंल."

"आन त्याची आई कशानं गेली म्हणालात तुम्ही?"

"याच्या जन्माच्या वेळी," मी म्हटलं. "बाळंतपणात."

"म्हंजी बघा," त्या निळ्या काठाच्या साडीतल्या ताई म्हणाल्या, आणि बोटं मोजावीत तसं एकेक सांगू लागल्या. "घरात एक बाई हाय. ती याला जेवायला ये, जेवायला ये म्हणती. हिचाच तर लळा लागलाय त्याला. तिला दिवस गेलेत. ज्यानं आईला बाळंतपणात घालवलं असं त्याला वाटतंय, त्याला ती बाई रोज पोटुशी दिसतीय. आता हीबी जाणार, असं त्याच्या मनात बसलंय. मग त्यानं अशी बाई आणली जी कवाच पोटुशी राहणार न्हाई."

कुणी काही बोललं नाही. बाहेर एसटी स्टँडवरची अनाउन्समेंट ऐकू येत होती.

सिनेमात हे लपवलेलं नाही, हे मला सांगायला हवं. लार्सला कॅरिनची काळजी वाटते, बाळंतपणात बायका मरतात ही भीती तो बोलूनही दाखवतो, डॉक्टरांच्या ते ध्यानात येतं. माझ्या टिपणातही ते होतं, 'पार्श्वभूमी' या मथळ्याखाली, एका ओळीत. बाकी चार पानं भ्रमावर होती. मी मनोविकाराच्या बाजूनं आत शिरले होते. त्या बाळंतिणीच्या बाजूनं शिरल्या, आणि सिनेमाचं खरं दार तिकडे होतं.

"ती गोधडी," काकी मधेच म्हणाल्या. "सुरुवातीला गळ्यात गुंडाळून खिडकीत उभा हुता, ती कुणाची?"

"आईनं विणलेली. त्याच्यासाठी, तो पोटात असताना."

"आन ती त्यानं थंडीत आलेल्या वहिनीला दिली." काकींनी मान हलवली. "बोलता येत नव्हतं, म्हणून गोधडी दिली त्यानं."

मग चहा गार होईपर्यंत बोलणं थांबलं नाही. आपल्याकडे बाळंतपणात बाई गेली तर काय होतं? माता मृत्यू अन्वेषण होतं, फॉर्म भरला जातो, कितव्या तासाला काय झालं, गाडी कधी आली, कुठे उशीर झाला, सगळं विचारतात. विचारायलाच हवं. रक्तस्राव हे आजही या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण आहे, आणि कुठे उशीर झाला हे कळल्याशिवाय पुढचा जीव वाचत नाही. जिवंत असलेल्या बाळंतिणीकडे आशा 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी जाते. बाळाकडे पुढेही पंधरा महिन्यांपर्यंत चकरा असतात, वजन, वरचं खाणं, लस. "आन ज्याची आई गेली ते पोर धा वर्षांचं झालं की त्याला कोण इचारतंय?" एक जण म्हणाली. "लोक काय म्हणत्यात ते ठावं हाय. आईला खाऊन आला. पांढऱ्या पायाचा."

'पांढऱ्या पायाचा' हा शब्द निघाल्यावर निळ्या काठाच्या साडीतल्या ताईंनी खाली बघितलं. मला ते दिसलं. तेव्हा विचारलं नाही.

काकींनी तेवढ्यात निकाल देऊन टाकला. "आता ती बाहुली मरणार बघा. त्योच मारणार तिला."

"का?"

"आईचं रडायचं राहिलंय त्याचं. कुणीतरी मेल्याबिगर रडणार कसा त्यो? सुतक धरायचं राहिलंय."

अंगावर काटा आला माझ्या. शेवट कुणी सांगितलेला नव्हता.

लाइट पावणेदोनला आली. पुढचा सिनेमा मी जवळजवळ न बोलता दाखवला, लागेल तिथे एखादं वाक्य. गस कबूल करतो की आई गेल्यावर बाप दुःखात बुडाला होता, घर सोसवत नव्हतं, मी पळून गेलो आणि तुला एकट्याला त्यात टाकलं. ऑफिसातल्या मार्गोच्या टेडीला कुणीतरी गळफास लावून टांगतं. लार्स तो फास सोडवतो आणि त्या कापसाच्या अस्वलाला श्वास देऊ लागतो. इतर वेळी इथे खसखस पिकते. त्या दिवशी पिकली नाही. बोलिंग खेळून आल्यावर तो हातमोजा काढून मार्गोशी हात मिळवतो, उघड्या हातानं. तो हात पडद्यावर किती वेळ आहे, फार तर दोन सेकंद, पण पुढच्या ओळीतल्या एकीनं "काढला, मोजा काढला" म्हणून शेजारणीला कोपर मारलं.

मग बियांका आजारी पडते. गावातल्या बायका भांड्यांत जेवण घेऊन येतात आणि हातात विणकाम घेऊन नुसत्या बसून राहतात. लार्स विचारतो, मी काय करायला हवं? त्या सांगतात, तू खा. असं झालं की आम्ही येतो आणि बसतो, एवढंच. "कडू घास आणलाय गं," मागून आवाज आला. "आपल्यावानीच." मृत्यूच्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंद भाकरी आणतात, त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. मला त्याहून चांगलं भाषांतर सुचलं नसतं.

बियांका तळ्याकाठी जाते. लार्स रडतो. चर्चमध्ये तिचा अंत्यविधी होतो, पाद्री सांगतात की लार्सनं काळे कपडे घालू नका अशी विनंती केली होती. थडग्याजवळ मार्गो थांबलेली असते, लार्स तिला थोडं चालायला येतेस का म्हणून विचारतो. संपलं.

पदरांनी डोळे पुसले जात होते. मी दिवे लावले. निळ्या काठाच्या साडीतल्या ताईंनी पुन्हा एकच विचारलं.

"वहिनीची डिलिव्हरी दाखवली न्हाई?"

"नाही. सिनेमा तिथेच संपतो."

"मग पुढं काय झालं?"

मला उत्तर देता आलं नाही.

सगळ्या पांगल्यावर त्या थांबल्या. त्यांच्या वाडीवर एक मुलगा आहे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. गावाचं आणि त्याचं नाव मी लिहिणार नाही. आई त्याच्या जन्मात गेली, घरी बाळंतपण झालं, रक्त थांबलं नाही, जीप मिळेपर्यंत उजाडलं. आशा हा शब्दच तेव्हा नव्हता, योजना आली 2005 साली. आजीनं वाढवलं. थोरल्या भावाचं लग्न झालं, वहिनी चांगली आहे, ती ताटावर बसल्याशिवाय हा जेवायचा नाही. आता तिला सातवा. दिवस गेल्याचं कळल्यापासून यानं घर सोडलंय, रानातल्या खोपटात राहतो, घरचा डबा बांधावर ठेवला तर घेतो, माणूस दिसला की उठून जातो. लोक म्हणतात, लागीर झालंय. देवर्षानं सांगितलं, पोटुशीवर त्याची सावली पडू देऊ नका.

"मी बी त्याला येडाच समजत हुते," त्या म्हणाल्या. "चार महिनं वहिनीच्या तपासणीला त्या घरात जातीय. एकदा बी खोपटाकडं गेले न्हाई."

गटप्रवर्तक ताईंच्या स्कूटीवर त्या दोघी आणि मागून माझी गाडी, असे आम्ही निघालो. ऊन उतरलं होतं. वाडीच्या अलीकडेच रान लागतं. तो म्हशीसाठी गवत कापत होता. आम्हाला बघून उठला, पण आशाताई लांबच बांधावर बसल्या आणि त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मलाही बसायची खूण केली. मला सवय आहे ती समोर बसून प्रश्न विचारायची. मी गप्प बसले.

त्यांनी पिशवीतून वहिनीचं माता-बाल संरक्षण कार्ड काढलं आणि गवताकडे बघत, मोठ्यानं, पण कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात वाचायला लागल्या. वजन किती वाढलं. बीपी किती. हिमोग्लोबिन 10.8, मागच्या महिन्यात 9.6 होतं, गोळ्या नीट घेतीय. सोनोग्राफीत बाळ बरोबर आहे. बाळंतपण घरी करायचं नाही, तालुक्याला. कळा सुरू झाल्या की 102 नंबरला फोन, गाडी फुकट येते. बाळ झाल्या झाल्या सिस्टर एक इंजेक्शन देतात, त्यानं पिशवी आवळते आणि रक्त जास्त जात नाही.

विळ्याचा आवाज थांबला.

"तुझ्या आईच्या टायमाला ह्यातलं काय बी नव्हतं," त्या तशाच पुढे बघत म्हणाल्या. "गाडी नव्हती, इंजेक्शन नव्हतं. तुझ्यामुळं न्हाई गेली ती. रक्त गेलं म्हणून गेली."

तो पाठमोरा उभा होता. विळा हातात, कापलेल्या गवताचा पेंढा पायाशी. पाच मिनिटं तरी गेली असतील. नंतर त्याच्याशी मी बोलले, तो लांबच उभा राहून उत्तरं देत होता. झोप दोन-तीन तास. आवाज ऐकू येत नाहीत, कुणी मागे आहे असंही वाटत नाही. मरावंसं वाटतं का, विचारलं. आधी वाटायचं, म्हणाला, आता वाटतं की मेलो तर तेही तिच्या अंगावर येईल. हे वाक्य मी टिपून घेतलं, पुढच्या सोमवारी ओपीडीत आणायचं भावाशी बोलून ठरवलं, तोवर रोज कुणीतरी जाऊन यायचं ठरलं, 14416 भावाच्या मोबाइलमध्ये घातला. काम म्हणून जे करायचं ते केलं. पण त्याचं पहिलं वाक्य मला नव्हतं, आशाताईंना होतं, आणि त्याआधी तो बांधापर्यंत चार पावलं आला होता.

"आक्का, रक्त लागलंच तर?"

"तालुक्याला सोय हाय. न्हाईतर साताऱ्याला. तिचा गट बी पॉझिटिव्ह, हितं लिवलाय बघ."

त्यानं कार्ड हातात घेतलं नाही. मान वाकडी करून, त्या चौकोनात लिहिलेली अक्षरं लांबूनच वाचली.

"माझा कुठला?"

"कवा तपासलाय का?"

"न्हाई."

"मग बुधवारी ये की पीएचसीत. बोट टोचत्यात, दोन मिनटांचं काम."

"बुधवारी किती वाजता?"

त्यांनी डायरी उघडली. गरोदर मातांच्या पानावर रकाने असतात, नाव, वय, पाळीची तारीख, प्रसूतीची अपेक्षित तारीख. दिरासाठी रकाना नसतो. त्यांनी वहिनीच्या ओळीशेजारी समासात त्याचं नाव लिहिलं, आणि त्यापुढे, बुधवार, 9.